बक्स्टनमध्ये दोघांसाठी कॉटेज घ्यायचे आहे: गावात की गावाबाहेर?

शेवंती:
नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. दोन्ही मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यामुळे बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघेच कुठेतरी चार रात्री राहायला जाणार आहोत, आणि त्यासाठी डर्बीशरमधील बक्स्टन हे गाव ठरवले आहे. इंग्लंडमध्ये राहायला येऊन आम्हाला १९ वर्षे झाली, तरी हे गाव आम्ही आजवर केवळ गाडीच्या काचेतून पाहिले आहे.

हॉटेल नको, कॉटेजच हवे, याचे कारण साधे आहे. सकाळचा चहा आपल्या हाताने करावा, कोणाच्याही न्याहारीच्या वेळेला बांधून न घेता तो खिडकीपाशी बसून प्यावा आणि मग दिवस कसा घालवायचा ते ठरवावे, एवढीच आमची सुट्टीची कल्पना आहे. तीन घरे पसंतीस उतरली आहेत. पहिले हायर बक्स्टनमध्ये, वरच्या बाजारचौकाजवळ, दगडी घरांच्या रांगेतले आहे. दुसरे लाँगनॉरच्या रस्त्यावर गावापासून सुमारे आठ किलोमीटर दूर आहे. शेतावरच्या जुन्या गोठ्याचे ते घर केलेले असून अंगणात गरम पाण्याचा टब आहे. तिसरे पॅव्हिलियन गार्डन्स या बागेच्या मागे, एका व्हिक्टोरियन बंगल्याच्या आवारातील पागेचे केलेले छोटे घर आहे. छायाचित्रांत सर्वांत सुंदर दुसरे दिसते, सर्वांत साधे तिसरे.

यजमानांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. सपाटीवर ते तास-दीड तास आरामात चालतात. उतार मात्र त्रासदायक ठरतो. ज्यांनी या गावात मुक्काम केला आहे, त्यांनी कृपया कोणते घर घ्यावे ते कारणांसह सांगावे.

घाटमाथा:
आपणा उभयतांचे अभिनंदन. मी मँचेस्टरला राहतो आणि बक्स्टनला गेली बारा वर्षे नियमाने जात आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बक्स्टन म्हणजे खरे पाहता एकावर एक वसलेली दोन गावे आहेत. वर बाजारचौकाभोवतीची जुनी वस्ती आहे. तेथील सेंट ॲन चर्च १६२५ सालचे असून इतके बसके आहे की शेजारून जाताना ते चर्च आहे हे पटकन लक्षात येत नाही. खाली वाय नदीच्या अंगाला गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्याभोवती डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याने उभे केलेले स्नानाचे गाव आहे. या दोहोंमध्ये ‘द स्लोप्स’ नावाची हिरवी चढण आहे. १८१८ मध्ये वास्तुविशारद जेफ्री वायटविल यांनी तिच्यावर तिरक्या पायवाटा आखल्या, त्या उपचारांसाठी आलेल्या माणसांना बेताबेताने चढता यावे म्हणून. वाटा तिरक्या असल्या तरी चढण ती चढणच, आणि शेजारचा हॉल बँक हा रस्ता तर सरळ अंगावर येतो. पहिले घर घेतलेत तर दिवसातून दोनदा हा चढ-उतार करावा लागेल. धडधाकट जोडप्याला ते घर मी डोळे मिटून सुचवले असते, कारण वरच्या चौकात जुन्या गावाची ऊब आहे; यजमानांच्या गुडघ्याला मात्र ते मानवणार नाही.

आता मुख्य मुद्दा. खालचे गाव ज्या लोकांसाठी बांधले गेले, त्यांना भरभर चालता येत नव्हते. पाचव्या ड्यूकने यॉर्कचे वास्तुविशारद जॉन कार यांच्याकडून १७८० ते १७८९ या काळात ‘क्रेसंट’ ही अर्धचंद्राकृती इमारत बांधून घेतली. तिच्या तळमजल्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानींची ओसरी आहे, म्हणजे पाऊस असला तरी राहणाऱ्यांना कोरड्या पायांनी फेऱ्या मारता याव्यात. समोर पाण्याची तोटी, पलीकडे बाग, बागेला लागून नाट्यगृह. पाणी प्यावे, थोडे चालावे, बसावे, पुन्हा पाण्यापाशी यावे, अशा दिनक्रमासाठी ही सगळी मांडणी आहे आणि तो दिनक्रम आजही तसाच पाळता येतो. अट एकच आहे, ती म्हणजे घर पायी अंतरावर हवे. म्हणून माझे मत निःसंशय तिसऱ्या घराला आहे.

रानवाट:
मी घाटमाथा यांच्याशी नम्रपणे असहमत आहे. पीक डिस्ट्रिक्टला जाऊन गावात राहणे मला नेहमीच थोडे हळहळ लावणारे वाटते. १९५१ मध्ये घोषित झालेले हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याची हद्द बक्स्टनला व त्याच्या आसपासच्या दगडखाणींना वगळून, त्यांना वळसा घालून जाते. लाँगनॉरच्या बाजूला तुम्ही खरोखर डोंगरात असता. आम्ही दोघे तेथे अशाच एका शेतघरात राहिलो होतो. रात्री दार उघडले की वाऱ्याखेरीज आवाज नव्हता, आणि ढग सरले तेव्हा आकाशगंगा स्पष्ट दिसली. पंचविसाव्या वर्षी दोघांना हवा असतो तो निवांतपणा गावातल्या रस्त्याकडेच्या घरात कितपत मिळेल, याचा विचार व्हावा. बागेतला टब म्हणजे चैन असे कोणी म्हणेल, पण थंड हवेत गरम पाण्यात बसून तारे पाहण्याचा आनंद आम्ही आजही आठवतो.

दगडफूल:
घर कोठे घ्यावे यावर जाणकार लिहीत आहेतच. मी घर कसे असावे यावर लिहिते, कारण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम हा माझा व्यवसाय आहे, आणि छायाचित्रांत ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यांवरच मुक्काम सुखाचा होतो की नाही हे ठरते.

या भागातील जुनी घरे चुनखडीच्या किंवा वालुकाश्माच्या जाड भिंतींची असतात. अशी भिंत तापायला वेळ घेते आणि एकदा तापली की निवायलाही वेळ घेते. त्यामुळे मालकांना पहिला प्रश्न हा विचारावा की आम्ही पोचण्याच्या किती तास आधी हीटिंग सुरू केलेले असेल. दुपारी चार वाजता किल्ली मिळाली आणि हीटिंगही तेव्हाच सुरू झाले, तर पहिली रात्र कोट घालून काढावी लागते. दुसरा प्रश्न खिडक्यांचा. संरक्षित यादीतील इमारतीच्या खिडक्या बदलायच्या तर स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही. म्हणून वरखाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्यांना आतून काचेची दुसरी झडप बसवली आहे का, आणि पडदे अस्तराचे आहेत का, हे विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगल्या मालकांना असे प्रश्न आवडतात.

लाकडाचा स्टोव्ह ही अशा घरांची शोभा असते. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकले जाणारे जळाऊ लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचे असावे, असा नियम आहे. असे लाकूड झटकन पेटते आणि काच काळी करत नाही. अंगणातल्या उघड्या ढिगाऱ्यातली ओंडकी मात्र पावसाने भिजलेली असतात. ती धूर करतात आणि खोलीत कडवट वास भरतात. पहिल्या संध्याकाळपुरती कोरड्या लाकडाची एक पिशवी स्वतः न्यावी आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र आहे ना, हे आत शिरताच पाहावे.

आता खास जोडप्यांसाठी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: पलंगाची रुंदी विचारा. येथे ज्याला ‘डबल’ म्हणतात तो पलंग १३५ सेंटीमीटर रुंद असतो, ‘किंग’ १५० आणि ‘सुपर किंग’ १८०. अरुंद जिन्यावरून मोठी गादी वर नेता येत नाही म्हणून जुन्या कॉटेजांत पुष्कळदा १३५ चाच पलंग असतो. ज्याच्या गुडघ्याला रात्री उशी घेऊन पाय लांब करावा लागतो, अशा माणसाला त्यात चार रात्री झोप लागणार नाही. आणि हो, स्नानगृह ज्या मजल्यावर आहे त्याच मजल्यावर झोपण्याची खोली आहे का, तेही पाहा. कित्येक घरांत ते खाली, स्वयंपाकघराच्या मागे असते.

पाणवठा:
दगडफूल यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मला या गावाच्या पाण्याविषयी विशेष ओढ आहे, त्यामुळे त्याविषयी लिहितो. घर निवडण्याशी त्याचा संबंध आहेच.

रोमनांनी ब्रिटनमध्ये दोन ठिकाणांना ‘आक्वे’, म्हणजे पाण्याचे स्थान, असे नाव दिले. एक बाथ आणि दुसरे बक्स्टन, ज्याला ते ‘आक्वे आर्नेमेटिए’ म्हणत. आर्नेमेटिया ही स्थानिक देवता, राईतली देवी. पुढे ख्रिस्ती काळात तोच झरा सेंट ॲनच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तेथील देवळात ठेवून जाऊ लागले. नवस फेडण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचे मंत्री टॉमस क्रॉमवेल यांच्या माणसांनी त्या कुबड्या उचलून नेल्या आणि झऱ्यांना टाळे ठोकले. तरी लोक यायचे थांबले नाहीत. नजरकैदेत असलेली स्कॉटलंडची राणी मेरी संधिवातावर उतार पडावा म्हणून १५७३ पासून अनेकदा येथे आणली गेली, आणि ती जेथे उतरत असे त्या जागेवर आजचे ओल्ड हॉल हॉटेल उभे आहे.

पाणी वर्षभर सुमारे २७ ते २८ अंशांवर असते. कोकणात आपण ज्यांना ‘उन्हाळे’ म्हणतो त्या कढत कुंडांची अपेक्षा ठेवून जाऊ नये, आणि बाथच्या सुमारे ४६ अंशांच्या पाण्याशीही तुलना करू नये. पण बाथला रोमनांच्या त्या कुंडात उतरता येत नाही, उलट बक्स्टनला क्रेसंटसमोरच्या ‘सेंट ॲन्स वेल’ या झऱ्याच्या तोटीवर कोणीही बाटली भरून घेऊ शकतो, विनामूल्य, रात्री-अपरात्री सुद्धा. भूगर्भशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार हे पाणी हजारो वर्षांपूर्वी पाऊस म्हणून पडलेले आहे. खोल चुनखडीत मुरून, तापून ते आता वर येते. माझ्या मते बक्स्टनमधील मुक्कामाचे सारे सार त्या तोटीपाशी सकाळी पहिल्यांदा उभे राहण्यात आहे. त्यासाठी आठ किलोमीटर गाडी हाकत येणे आणि मग वाहनतळ शोधणे म्हणजे त्या क्षणाची हानी करणे होय. तिसरे घर घ्यावे.

रानवाट:
पाणवठा यांचे म्हणणे मला मनापासून पटले, तरी उन्हाळ्यात माझे मत शेतघराच्या बाजूनेच राहील. फेब्रुवारीत रस्त्यांची स्थिती काय असते याचा अनुभव मला नाही, हे प्रांजळपणे सांगते. आम्ही जूनमध्ये गेलो होतो.

घाटमाथा:
फेब्रुवारीचा मुद्दा रानवाट यांनीच काढला हे बरे झाले. बक्स्टन समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचावर आहे आणि भोवतालचे रस्ते त्याहूनही उंच जातात. मॅकल्सफील्डकडे जाणारा ‘कॅट अँड फिडल’ रस्ता बर्फामुळे बंद झाल्याची बातमी हिवाळ्यात वारंवार येते. क्रिकेटची आवड असलेल्यांना एक जुनी हकीकत ठाऊक असेल. १९७५ च्या मे महिन्याच्या अखेरीस बक्स्टनच्या मैदानावर डर्बीशर आणि लँकेशर यांचा सामना सुरू झाला. शनिवारी क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद १६७ धावा केल्या, रविवारी विश्रांती होती, आणि सोमवारी, २ जून रोजी, मैदानावर बर्फ साचल्यामुळे खेळ होऊच शकला नाही. जिथे जूनमध्ये असे घडू शकते, तिथे फेब्रुवारीत शेतावरच्या घराकडे जाणारी अरुंद वाट रात्रीतून बंद होणे अशक्य नाही. गावातल्या घरात मात्र बर्फ पडला तर तो आनंदाचाच भाग होतो.

कवडसा:
आमच्याकडे गाडी नाही. गाडीशिवाय हा मुक्काम जमेल का?

घाटमाथा:
अवश्य जमेल. मँचेस्टर पिकॅडिलीहून थेट रेल्वेगाडी आहे आणि साधारण तासाभरात ती बक्स्टनला पोचवते. स्थानकापासून क्रेसंट पायी काही मिनिटांवर, तेही उतारावर आहे. सामान घेऊन परतताना तेवढी चढण लागेल.

शेवंती:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसरे घर निश्चित केले. दगडफूल यांच्या सूचनेनुसार पलंगाची रुंदी विचारली. ती १५० सेंटीमीटर आहे. हीटिंग सकाळपासून सुरू ठेवू, असे मालकीणबाईंनी लगेच कळवले. दुसऱ्या घराच्या मालकांना हेच प्रश्न विचारले होते, त्यांच्याकडून तीन दिवसांनी एका ओळीत मोघम उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर मन तेथेच वळले. परत आल्यावर सविस्तर लिहीन.

शेवंती:
आम्ही परवा परतलो. लिहीन असे म्हटले होते, त्यामुळे लिहीत आहे, आणि थोडे लांबले तर क्षमस्व.

पागेचे घर अगदी लहान आहे. खाली एकच खोली, तिच्या एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्टोव्ह. वर झोपण्याची खोली आणि स्नानगृह. घोडे बांधण्याच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच ठेवल्या आहेत, आणि यजमानांनी पहिल्याच दिवशी त्यांतल्या एकीला आपली छत्री अडकवली ती चारही दिवस तेथेच राहिली. आत शिरलो तेव्हा भिंती हाताला कोमट लागत होत्या. कोरडे लाकूड मात्र न्यायचे राहून गेले. दाराबाहेरचे ओंडके आम्ही पेटवायला गेलो आणि अर्धा तास धूर केला. शेवटी खिडक्या उघडून खोली निवळू दिली आणि दुसऱ्या दिवशी स्प्रिंग गार्डन्सच्या बाजारातून कोरड्या लाकडाची पिशवी आणली. मग स्टोव्हने जी साथ दिली ती निघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, अजून पुरते उजाडलेले नसताना, आम्ही बागेतून सेंट ॲन्स वेलपाशी गेलो. बागेचा रस्ता सपाट आहे, नदी बाजूने वाहते आणि तिच्या काठावरच्या गवतावर दहिवर गोठलेले होते. तोटीपाशी एक वृद्ध गृहस्थ पिशवीतून एकामागून एक बाटल्या काढून भरत होते. आम्हाला पाहताच ते बाजूला झाले आणि म्हणाले, आधी तुम्ही प्या. मी ओंजळ धरली. ते पाणी माठातले नव्हे आणि तपेल्यातलेही नव्हे. पण हवा शून्याच्या आसपास असल्यामुळे हाताला चक्क ऊन लागले आणि त्यातून हलकी वाफ निघताना दिसली. चव जवळजवळ नाहीच, अगदी शेवटी जिभेवर किंचित खडूसारखे काही राहते. यजमान मुळात कमी बोलणारे आहेत. त्यांनी तीनदा ओंजळ भरून प्यायली आणि मग उजवा हात ओलाच आपल्या गुडघ्यावर ठेवला. मी काही बोलले नाही. पाणवठा यांनी लिहिलेल्या त्या कुबड्या मला आठवल्या.

त्यानंतर चारही दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही तेथे गेलो. घरातून निघून, पाणी पिऊन, क्रेसंटच्या ओसरीतून दोन फेऱ्या मारून घरी परतायला आमच्या चालीने पाऊण तास लागे. घाटमाथा यांनी सांगितलेली ओसरी तिसऱ्या दिवशी, दिवसभर पाऊस लागला तेव्हा, खऱ्या अर्थाने कळली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी दुखऱ्या सांध्यांच्या माणसाला पावसात चालता यावे याचा विचार करून कोणी दगड रचावेत, आणि त्याचा उपयोग आज माझ्या घरच्या माणसाला व्हावा, याने मला फार बरे वाटले. इमारत अनेक वर्षे बंद होती, दीर्घ दुरुस्तीनंतर २०२० मध्ये ती हॉटेल म्हणून पुन्हा उघडली. तेथील गरम पाण्याच्या कुंडात बाहेरच्यांनाही आधी वेळ ठरवून जाता येते. आम्ही एक दुपार गेलो. रंगीत काचेच्या छताखाली पाण्यात बसून राहिलो आणि बाहेर आलो तेव्हा यजमान पायऱ्या न थांबता उतरले. पाण्याचा गुण की विश्रांतीचा, ते मी सांगू शकत नाही.

पाहिले फार थोडे. डेव्हनशर डोम पाहिला. क्रेसंटमध्ये उतरणाऱ्यांच्या घोड्यांसाठी बांधलेली ती पागा, पुढे तिचे रुग्णालय झाले आणि १८८१ मध्ये मधल्या मोकळ्या जागेवर सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट चढवला गेला. आता ही वास्तू डर्बी विद्यापीठाकडे आहे. घुमटाच्या बरोबर मध्यावर उभे राहून मी हळूच बोलले तर माझाच आवाज कानाशी परत आला. आम्ही स्वतः एका पागेत राहत होतो, त्यामुळे घोड्यांच्या त्या महालाचे कौतुक अधिकच वाटले. एका संध्याकाळी १९०३ च्या ऑपेरा हाउसमध्ये संगीताचा कार्यक्रम ऐकला. फ्रँक मॅचम यांनी बांधलेले हे नाट्यगृह आत सोनेरी आणि निळे आहे, आणि इतके आटोपशीर की मागच्या रांगेतूनही गायिकेचा श्वास ऐकू येतो. तेथून घर दहा मिनिटांवर होते. कार्यक्रमानंतर गाडी काढावी लागली नाही, बागेच्या कडेने हात धरून चालत आलो. हे गावाबाहेरच्या घरातून शक्य झाले नसते.

पूल्स कॅव्हर्न ही चुनखडीची गुहा आणि तिच्यावरच्या टेकडीवरील सॉलोमन्स टेम्पल हा १८९६ चा छोटा मनोरा, ही दोन्ही पाहायची होती. टेकडीवरची राई सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ड्यूकने चुनाभट्ट्यांच्या राखेचे ढीग झाकण्यासाठी लावली, असे तेथे वाचले. आम्ही निम्म्या वाटेपर्यंत गेलो आणि यजमानांनी एका ओंडक्यावर बैठक मारली. तू वर जाऊन ये, मी येथे बसतो, असे ते म्हणाले. मी गेले नाही. मनोरा झाडांच्या वर दिसत होता, तेवढे पुरे होते.

खाण्याविषयी एकच. तेथे ओटच्या पिठाचे, आंबवून तव्यावर घातलेले मऊ ओटकेक मिळतात. दिसायला थेट आंबोळी. आम्ही ते घरी आणून तव्यावर गरम केले आणि सोबत नेलेल्या लसणाच्या चटणीबरोबर खाल्ले, आणि चारही सकाळी दुसरे काही करावेसे वाटले नाही.

रानवाट:
हे वाचून मी माझे मत बदलले आहे, निदान हिवाळ्यापुरते तरी. ओटकेक आणि लसणाची चटणी ही जोडी आम्हाला सुचली नाही याचे वाईट वाटले.

कवडसा:
आमचे लग्न गेल्या वर्षी झाले. आम्ही जुलैमध्ये जाण्याचा विचार करत आहोत. तेव्हा गर्दी असेल का? आणि शेवंती, त्या घराचा जिना कसा आहे? माझ्या सोबतीचे डोके प्रत्येक जुन्या दाराला लागते.

पाणवठा:
जुलैमध्ये गर्दी असते, पण ती हवीशी असते. १९७९ पासून भरणारा संगीत आणि साहित्याचा महोत्सव त्याच महिन्यात असतो, आणि जुलैच्या आरंभी झरे सजवण्याचा उत्सव होतो. लाकडी चौकटीत ओली माती थापून तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, पाने आणि बिया दाबून चित्र रचतात. फुलांची रांगोळी उभी करून ठेवावी, तसे ते दिसते. बक्स्टनमध्ये ही प्रथा १८४० ची आहे; त्या साली ड्यूकने वरच्या बाजारचौकात नळाने पाणी आणून दिले, त्याची कृतज्ञता म्हणून ती सुरू झाली. त्या आठवड्यासाठी घर हवे असेल तर हिवाळ्यातच ठरवावे.

शेवंती:
कवडसा, जिना तेरा पायऱ्यांचा आहे, अरुंद आहे, आणि दोन्ही बाजूंना कठडा आहे, म्हणून यजमानांना त्रास झाला नाही. सर्वांत वरच्या पायरीवर एक तुळई आडवी येते. तिच्यावर मालकीणबाईंनी मेंढीच्या लोकरीची जाड पट्टी ठोकली आहे, त्यामुळे डोके लागले तरी दुखत नाही. मी दोनदा अनुभव घेतला. किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत असते आणि पेटीचा क्रमांक निघण्याच्या आदल्या दिवशी कळवतात; तो कागदावर लिहून घ्या, कारण आवारात फोनला रेंज मिळत नाही.